भिजत पडलेली लोकर: बालाघाटावरच्या एका वाड्याची ४७ किलोंची वाटणी

मांजरा नदी जिथे उगम पावते त्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला माळ. पावसाळाभर इथे मुक्कामाला असणारा आणि पुढे कापणी झालेल्या रानांतून गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठाला उतरणारा एक वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ. एकाच घराच्या १४० मोठ्या मेंढ्या, त्या वर्षीची ४० कोकरं, बिऱ्हाड वाहणारी दोन घोडी. घर चालतं ते कोकरांच्या विक्रीवर आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवून मिळणाऱ्या धान्या-पैशावर. लोकरीचं खातं मात्र उलटं आहे. मेंढीमागे कातरणाऱ्याला जी मजुरी द्यावी लागते, ती त्या मेंढीच्या लोकरीतून सुटत नाही. कातरणं टाळताही येत नाही, कारण वाढलेल्या लोकरीत गोचीड आणि उवा लपतात, औषध कातडीपर्यंत पोचत नाही आणि पावसात भिजलेली मेंढी दिवसभर सुकत नाही.

त्या वर्षी ज्येष्ठातलं कातरण झालं तेव्हा लोकर घ्यायला व्यापारी फिरकलाच नाही. युरियाच्या रिकाम्या गोण्यांत ती दाबून भरली आणि पडवीत टाकली. पंधरा दिवसांत पाऊस लागला. श्रावणात गोण्या उघडल्या तेव्हा आत हात घालवत नव्हता. मधली लोकर गरम झाली होती, कुबट वास येत होता, वरच्या थरात कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड लागली होती. सगळी उकिरड्यावर गेली. ‘भिजत घोंगडं’ हा शब्दप्रयोग आपण रखडलेल्या कामासाठी वापरतो. इथे घोंगडं होण्याआधीच लोकर भिजत पडली होती.

कार्तिकातल्या कातरणाला मात्र वेगळी मांडणी करायची ठरली. त्या ४७ किलो लोकरीचं काय झालं, कुठे चुकलं आणि का चुकलं, ते पुढे आहे. रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, किलोचा हिशेब बदलत नाही.

आधी गोण्यांत काय बिघडलं

तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे ओल. लोकर हवेतली वाफ शोषते, आणि स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल घेऊनही हाताला कोरडीच लागते. त्यामुळे ‘हाताला कोरडी आहे’ हा पुरावा धरता येत नाही. (पावसाळ्यात तोललेली लोकर जड भरते आणि व्यापारी अंदाजाने वजन कापतो, त्या वादाचं मूळही हेच.) दुसरी गोष्ट म्हणजे घाण. लेंड्या आणि मूत लागलेली शेपटीकडची लोकर पाठीच्या चांगल्या लोकरीत मिसळली होती. ओल आणि ही घाण मिळाली की जिवाणू वाढतात आणि ढीग आतून तापतो. तिसरी गोष्ट गोणीच. तिच्या प्लास्टिकच्या पट्ट्या सुटून लोकरीत गुंततात. त्या पिंजताना निघत नाहीत, कातताना सूत तोडतात आणि विणलेल्या कापडात चमकत राहतात. एक उसवलेली गोणी दहा किलो लोकर विणकराच्या कामातून बाद करू शकते.

पांढऱ्या लोकरीवर असा बिघाड पिवळ्या डागांनी कळतो. दखनी, म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या जातीच्या मेंढीची लोकर बहुतेक काळी, तिच्यावर डाग दिसत नाहीत. तिची पारख अशी: बोटाएवढी एक बट घ्यायची, दोन्ही टोकं चिमटीत धरायची आणि कानाजवळ नेऊन झटका द्यायचा. घट्ट ‘टण्’ आवाज आला तर तंतू शाबूत आहे. चरचर ऐकू आली किंवा बट मधोमध तुटली तर ती सुताला निकामी.

दखनी लोकर कशासाठी आहे

मऊ स्वेटरची लोकर मेरिनो मेंढीची असते आणि तिचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दखनीचा तंतू त्याच्या दुप्पट जाड, काही तर आणखी जाड, आणि बऱ्याच तंतूंचा गाभा पोकळ असतो. असा तंतू अंगाला टोचतो आणि रंग नीट धरत नाही. मुळात काळ्याला दुसरा रंग चढतच नाही. गालिच्याच्या गिरणीला पांढरी लोकर लागते आणि ती राजस्थानातून, बिकानेरच्या बाजारातून मिळते. या बाजारात दखनीने बिकानेरशी स्पर्धा करावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण जाडपणा आणि ताठपणा हेच गुण धरले तर चित्र पालटतं. पावसाचं पाणी जाड केसावरून ओघळतं. दाबलेला पोकळ केस परत उसळतो, म्हणजे भरणाची हवा टिकते. घासून तो लवकर झिजत नाही. शिवाय लोकर म्हणून जे गुण सगळ्याच जातींत असतात ते आहेतच: ठिणगी पडली तरी ती भडकत नाही, करपून विझते, ओली झाली तरी ऊब देते, मातीत पुरली की सावकाश कुजून नत्र सोडते. प्रश्न एवढाच उरतो की एका मेंढीच्या अंगावरची सगळी लोकर एकाच कामाची नसते. वाटणी कातरणाच्या दिवशी, त्याच जागी करावी लागते. एकदा सगळं एका गाठोड्यात गेलं की नंतर कुणी कितीही वेचलं तरी ते वेगळं होत नाही.

कातरणाचा दिवस

कार्तिकाचा फायदा असा की पाझर तलावात पाणी असतं. कातरणाच्या दोन दिवस आधी मेंढ्या पाण्यातून काढल्या, अंग हाताने चोळलं आणि दोन्ही रात्री मुरमाड, कोरड्या जागी वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून बसवल्या. पाठीवर धुतलेली लोकर म्हणजे निम्मं काम आधीच झालं. तोटा असा की पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकलेलं असतं. कुसळ, सराटे आणि गोखरू पोटाच्या आणि मानेच्या लोकरीत घट्ट रुतलेले असतात. ज्येष्ठात धूळ जास्त आणि कुसळ कमी, कार्तिकात याच्या उलट. दोन्ही कातरणांची लोकर म्हणूनच एकत्र करू नये.

जमिनीवर जाड सुती जाजम अंथरलं. कातरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगितल्या. कातर कातडीलगत एकदाच चालवायची, राहिलेले खुंट पुन्हा कापायला जायचं नाही; दुसऱ्यांदा कापलेले अर्ध्या इंचाचे तुकडे सुतात टिकत नाहीत आणि घोंगडीवर गोळ्या धरतात. आणि कातडी ताणून धरायची, म्हणजे चिरत नाही. चिरलंच तर लगेच आयोडीन लावायचं, कारण उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. ओली मेंढी कातरायला घेतली नाही. खुणेसाठी ऑइल पेंट लावलेले ठिपके आधीच कापून बाजूला टाकले. तो रंग धुण्याने जात नाही, आणि खुणेला तो वापरूच नये.

जाजमाभोवती चार चादरी होत्या आणि चार ढीग लागले.

पहिला ढीग पाठ, खांदा आणि बरगड्यांवरचा. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब बट, टोकाला उन्हाने तांबूस झालेली. २४ किलो.

दुसरा जावळाचा, म्हणजे कोकरांच्या पहिल्या कातरणाचा. मऊ, टोकं निमुळती. ५ किलो.

तिसरा पोट, पाय आणि मानेचा. आखूड, राठ, कुसळ भरलेला. ११ किलो.

चौथा शेपटी आणि मांड्यांकडचा, लेंड्या चिकटलेला. ७ किलो.

मोठ्या मेंढीमागे सरासरी ३०० ग्रॅम आणि कोकरामागे सव्वाशे ग्रॅम लोकर पडली. वर्षातून दोनदा कातरलेल्या दखनीकडून याहून फार जास्तीची आशा धरू नये.

एक नियम इथे सगळ्यांच्या वर आहे. अचानक मेलेल्या मेंढीची लोकर कोणत्याही ढिगात येऊ द्यायची नाही, तिला हातही लावायचा नाही. फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे बीजाणू लोकरीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि पिंजणाऱ्याच्या श्वासातून आत जाऊ शकतात. अशी मेंढी न कापता, न सोलता पशुवैद्यकाला कळवावी आणि खोल पुरावी.

धुणं: पाणी कमी, गडबड जास्त

या माळावर पाणी मोजून वापरावं लागतं. किलोला २५ लिटर याप्रमाणे तीन पाण्यांतून २४ किलो धुवायची तर १८०० लिटर लागतात. ते परवडणारं नव्हतं. म्हणून ५०-५० लिटरचे तीन पिंप मांडले आणि दोन-दोन किलोच्या खेपा घेतल्या.

आधी लोकर बाजेवर पसरून काठीने हलके झोडपली. सुंभाच्या विणीतून माती आणि लेंड्यांचा चुरा खाली पडतो, आणि एवढ्यानेच पुढचं पाणी बरंच वाचतं. मग पहिल्या पिंपात नुसत्या गार पाण्यात ती रात्रभर भिजवली. मेंढीच्या घामाचे क्षार त्यात उतरतात आणि पाणी चहासारखं होतं. दुसऱ्या पिंपात कोमट पाणी. हात सुखाने बुडून राहील एवढंच गरम, ४५ अंशांच्या आसपास. त्यात पाव किलो रिठ्याच्या सालींचं रात्री भिजवून कुस्करलेलं पाणी गाळून घातलं. लोकर वरून दाबून बुडवली आणि वीस मिनिटं तशीच राहू दिली. ढवळायची नाही, चोळायची नाही, पिळायची नाही. तिसऱ्या पिंपात तितकंच कोमट साधं पाणी. मग झारीने काढून बाजेवर सावलीत वाळवायची.

पुढच्या खेपेला तिसऱ्या पिंपाचं पाणी गरम करून त्यात रिठा घातला, दुसऱ्याचं पाणी भिजवणीला वापरलं, आणि पहिल्यातलं तेवढंच टाकलं. बारा खेपांना पहिल्यांदा १५० लिटर आणि नंतर अकरा वेळा ५० लिटर, म्हणजे ७०० लिटरांत काम झालं. टाकलेल्या पाण्यात पालाश (पोटॅश) असतं, ते बांधावरच्या झाडांना गेलं. रिठ्याचं पाणी तलावात सोडायचं नाही, त्याने मासे मरतात.

२४ किलोंचे धुऊन साडेएकोणीस झाले. दखनी लोकरीत चरबी थोडीच असते. घटलं ते मुख्यतः घाम आणि माती.

चूक झाली ती जावळात. मऊ आहे म्हणून जास्त स्वच्छ करावी या भावनेने २ किलो जावळ उकळत्या पाण्यात, धुण्याचा सोडा टाकून, काठीने ढवळलं गेलं आणि लगेच गार पाण्यात काढलं गेलं. त्याचे मुठीएवढे घट्ट गोळे झाले. कारण सरळ आहे. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. उष्णता आणि सोड्याने ते उघडतात, हलवल्याने एकमेकांत अडकतात, आणि गार पाण्याचा धक्का बसला की जाळं आवळून बसतं. एकदा झालेला गोळा पुन्हा सुटत नाही. तंतू जितका बारीक तितकं हे लवकर होतं, म्हणून हीच चूक पाठीच्या राठ लोकरीत कमी भोवली असती. उरलेलं ३ किलो जावळ वरच्या पद्धतीने धुतलं, ते अडीच किलो भरलं. बिघडलेले गोळे टाकले नाहीत. ते पुढे कामाला आले.

घोंगडी: पहिल्या ढिगाचं काम

पिंजायला गादीवाल्याच्या यंत्रावर नेली. ही यंत्रं कापसाची असतात आणि त्यांच्या दातांत कापूस राहिलेला असतो. तो काळ्या लोकरीत पांढऱ्या ठिपक्यांसारखा उतरतो. उपाय असा की आधी तिसऱ्या ढिगातली किलोभर लोकर यंत्रातून काढायची, म्हणजे दात साफ होतात, आणि मग चांगली घालायची. गोखरूचं एक बोंड राहिलं तरी दात वाकतो, म्हणून वेचणी आधी. यंत्र नसेल तिथे पिंजाऱ्याची धनुकली आजही चालते. वेळ जास्त लागतो पण तंतू कमी तुटतो.

साडेएकोणीस किलोंतून पिंजून १७ किलो हाती आले. वाड्यातल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी ते चरख्यावर कातलं. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं सूत जास्त पिळाचं आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं सैल, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पहिल्या प्रयत्नात मात्र घाईत तिसऱ्या ढिगाची थोडी लोकर ताण्याच्या पेळूत (कातण्यासाठी वळलेल्या लोकरीच्या सुरळीत) मिसळली गेली होती. ते सूत विणकराने (घोंगड्या विणणाऱ्या सनगर समाजातला) परत पाठवलं आणि ते बरोबरच होतं. आखूड राठ केस सुतात धरत नाहीत, ताण बसला की सुटतात आणि माग दर हातावर थांबतो. बाण्यात थोडी भेसळ खपते, ताण्यात नाही.

विणकराकडचं सगळ्यात नाजूक काम खळीचं. चिंचोके भाजून साल काढायची, भिजवायचे, वाटायचे आणि पाण्यात शिजवून पातळ लापशीसारखी खळ करायची. ताणा उन्हात लांब ताणून त्यावर ती कुंच्याने एकाच दिशेने फिरवायची, म्हणजे उभे राहिलेले केस सुताला चिकटून बसतात. खळ पातळ झाली तर सूत मागावर फुलून तुटतं, दाट झाली तर कडक होऊन मोडतं. ढगाळ दिवशी ताणा घालतच नाहीत. खळ अर्धवट वाळली की आंबते. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते ती या खळीमुळे. पहिल्यांदा भिजवून पायांनी तुडवली की खळ निघते आणि वीण दाटते. पाऊस अडवण्याची ताकद त्या तुडवण्यातून येते, नुसत्या विणण्यातून नाही. खोळ करून डोक्यावर घेतलेल्या घोंगडीतून तासभर पाऊस आत येत नाही तो या दाटलेल्या विणीमुळे.

तीन-तीन किलोंच्या ५ घोंगड्या झाल्या आणि २ किलो सूत उरलं. दोन घोंगड्या वाड्याला, तीन विक्रीला. विकताना लोकांना एक पारख करून दाखवली, कारण बाजारात ॲक्रिलिकची चादर घोंगडी म्हणून खपते. काठाचा एक दोरा काढून जाळायचा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राखेचा मणी बोटांनी चुरगळतो. ॲक्रिलिक वितळून गळतं आणि मागे टणक गोळी राहते. एवढी पारख ज्याला येते तो विणकराच्या मेहनतीची किंमत समजून देतो, आणि ती मिळायलाच हवी. मागावर बसणारे हात झपाट्याने कमी होत आहेत.

उरलेल्या सुताची कोकरं बांधायची दावी आणि दोन गोफणी वळल्या. लोकरीचं दावं मानेला काचत नाही. नायलॉनच्या दोरीने मानेवरचे केस जाऊन जखमा होतात.

नमदा आणि भरण

पोटाची लोकर धुऊन, वेचून ९ किलो राहिली. ती कातता येत नाही, आणि नुसती दाबूनही जमत नाही, कारण राठ केसाचे खवले बोथट असतात. तिच्यात जावळ मिसळलं की जावळ बांधणीचं काम करतं. प्रमाण सात भाग पोटाची लोकर, तीन भाग जावळ. न विणता, नुसती दाबून जमवलेली ही लोकरीची जाड चादर म्हणजे नमदा. एका नमद्याला २ किलो लागले.

जुनी सतरंजी पसरून त्यावर साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढी पिंजलेली लोकर तीन थरांत मांडली. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. कडा मधल्या भागापेक्षा जाड ठेवल्या, कारण दाबताना कडाच विरळ होतात. इथे मात्र जे धुताना टाळायचं तेच करायचं असतं. गरम पाण्यात साबण कालवून शिंपडलं, सतरंजीसकट बांबूवर घट्ट गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि दोघांनी पायाखाली पुढे-मागे लोटलं. अर्ध्या तासाने उघडून, फिरवून, दुसऱ्या बाजूने पुन्हा गुंडाळायचं. असं पाच-सहा वेळा. चिमटीत वरचा थर उचलला आणि खालचाही सोबत उचलला गेला की नमदा जमला. थर सुटा आला तर अजून लोटायचं. शेवटी तो पाच फूट बाय तीन फूट उरला. आकसण्याचा हा हिशेब आधीच धरला नाही तर नमदा अंथरायला अपुरा पडतो.

एक नमदा अंथरायला ठेवला. मुरमावर टाकला तरी खडे टोचत नाहीत आणि ओल वर येत नाही. दुसरा घोडीच्या पाठीवर, ओझ्याखाली गेला. घोडीच्या पाठीला फोड येतात ते घाम आणि घासणीने. नमदा घाम पितो आणि घासणी स्वतःवर घेतो. तो रोज उन्हात झटकावा लागतो, वाळलेला घाम खरखरीत होऊन तोच टोचतो. बिघडलेल्या जावळाच्या गोळ्यांचे चपटे तुकडे कापून, टाके घालून बैलांच्या जुवाखाली लावायच्या गाद्या केल्या. गावातल्या दोन शेतकऱ्यांनी त्या मागून नेल्या. खांदा सुजलेल्या बैलाला आधी विश्रांती लागते, गादी नंतर; सुजेवर गादी बांधून बैल जुंपणं हा उपाय नव्हे.

राहिलेल्या सहा किलोंतून पत्र्याखालचं भरण केलं. गावातल्या घरावर पत्रे आहेत आणि मराठवाड्याच्या वैशाखात त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. निजायच्या जागेवरचं छत दहा बाय सहा फूट, म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. दोन इंच जाडीच्या मोकळ्या भरणाला चौरस मीटरमागे एक किलो लोकर पुरते, म्हणून हिशेब बरोबर बसला. आख्ख्या खोलीचा हट्ट धरला असता तर भरण विरळ होऊन काहीच साधलं नसतं. सुहागा (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर समसमान घेऊन लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवली, त्यात लोकर बुडवून खडखडीत वाळवली. यामुळे कसर लागत नाही. हे करताना हातमोजे घालावेत, आणि ती पावडर पोरांच्या व जनावरांच्या तोंडात जाऊ देऊ नये. मग जुन्या लुगड्यांच्या दोन पदरांमध्ये भरून वीतभर अंतरावर सैल टाके घातले. गोधडीसारखे घट्ट टाके घातले तर लोकर दबते, हवा निघून जाते आणि ऊन आत येतं. उष्णता अडवते ती लोकरीत कोंडलेली हवा.

या गाद्या बांबूच्या चौकटीवर, पत्र्यापासून तीन बोटं खाली टांगल्या. पहिल्यांदा त्या पत्र्याला चिकटवून बांधल्या होत्या आणि पहाटे पत्र्याला सुटणारं दव त्यांच्यात उतरून वरचं कापड ओलं झालं. फट ठेवल्यावर ते थांबलं. ज्याला उंदरांचा त्रास आहे त्याने चौकटीखाली बारीक जाळी ठोकावी. उंदराला घरट्यासाठी याहून मऊ जागा मिळत नाही. आणि भिंतीला वरच्या अंगाला झरोका हवाच. भरण ऊन आत यायला वेळ लावतं, आत आलेली उष्णता बाहेर काढत नाही.

लेंड्या लागलेली ७ किलो

चौथा ढीग धुतला नाही. बांधावर सीताफळाची दोन वर्षांची २८ रोपं होती, कळशीने पाणी घालून जगवलेली. प्रत्येक रोपाला पाव किलो. आधी लोकर बादलीत रात्रभर भिजवली. कोरडी कच्ची लोकर पाणी झटकते आणि तशीच पुरली तर उलट पाणी मुळांपर्यंत जाऊ देत नाही. बुंध्यापासून वीतभर सोडून आळ्यात चार बोटं खोल चर काढला, लोकर गोल पसरली आणि माती ओढली. दोन रोपांना ती उघडीच ठेवली होती, ती कुत्र्यांनी ओढून नेली.

खताचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण लोकरीच्या खताबद्दल फुगवून बोललं जातं. शुद्ध लोकरीत वजनाच्या साधारण १६ टक्के नत्र असतं. ७ किलोंत खरी लोकर ४ किलो धरली तर नत्र साडेसहाशे ग्रॅम, म्हणजे १४०० ग्रॅम युरियात असतं तेवढंच. युरियाची जागा ती घेत नाही. तिचं मोल दुसरीकडे आहे. कार्तिकात पुरलेली लोकर उन्हाळाभर आळ्यातली ओल धरते, कारण कोरड्या मातीत ती कुजत नाही. नत्र सुटायला लागतं ते पुढच्या पावसात, नेमकं सीताफळ फुटतं तेव्हा. गोचीड मारायचं औषध लावून महिना झाला नसेल त्या मेंढ्यांची लोकर भाजीपाल्याच्या वाफ्यात घालू नये.

अडीच किलोंतलं उरलेलं जावळ

नमद्यांना सव्वा किलो गेलं, सव्वा किलो उरलं. जावळाची घोंगडी अंगाला टोचत नाही, म्हणून तिला मान आहे, पण तिला निदान अडीच किलो सूत लागतं. म्हणून हे साठवायचं ठरलं, आणि साठवण ही कसरीशी लढाई आहे. कसरीच्या अळ्या अंधारात, न हलवलेल्या जागी आणि घाम-तेलाचे डाग असलेल्या लोकरीवर आधी बसतात. नुसता कडुलिंबाचा पाला घालून त्या मरत नाहीत. जावळ धुऊन, कडक उन्हात दोन दिवस उलटंपालटं करून, गार झाल्यावर सुती पिशवीत भरलं, तोंड शिवलं आणि पिशवी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. दर महिन्याला उघडून ऊन द्यायचं. डांबरगोळ्या ठेवल्या तर त्या कापडात बांधून, लोकरीला थेट लागू न देता, आणि लहान मुलं झोपतात त्या खोलीत मुळीच नाही.

ज्येष्ठातल्या पुढच्या कातरणाला तलाव आटलेला असेल आणि मेंढ्या धुता येणार नाहीत. तेव्हा बाजेवरचं झोडपणं दुप्पट करावं लागेल आणि पिंपांच्या पाण्यासाठी टाकी आधी भरून ठेवावी लागेल. पाठीची लोकर मृग लागायच्या आत विणकराकडे पोचली तरच त्याला ताण्यासाठी ऊन मिळेल. चार चादरी आणि जाजम धुऊन डब्याशेजारीच ठेवलेलं आहे.